वादाचं गवत

नळाला पाणी आलं तेव्हा फेरूजा बागेतच होती. उजाडत होतं आणि रात्रभर सुटलेला वारा अजून थांबला नव्हता. वाळवंटाकडून येणारा हा वारा, शहीली, एकदा लागला की दारांच्या फटींतून घरात शिरतो आणि मग माणसांच्या डोक्यांत. असल्या दिवसांत जुर्जुराच्या डोंगरातल्या बायका पोरांना मारत नाहीत आणि नवऱ्यांशी बोलत नाहीत. फेरूजाला यातलं काही पाळायची गरज नव्हती. पोरगा फ्रान्समध्ये होता आणि नवरा मातीत.

तिने निळी पिंपं भरून घेतली. मग डबा घेऊन एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घातलं, पानाला थेंब लागू न देता. ओल्या पानाला असं ऊन चटका देतं. मिरचीला कळ्या आल्या होत्या, टोमॅटो बोरूच्या काठ्यांना बांधून झाले होते, घेवड्याच्या बुडाशी तिने नेच्याची पानं अंथरली होती. अंजिराच्या झाडावर रानअंजिरांच्या माळा लटकत होत्या. या माळांतून बारीक माश्या निघतात आणि कोवळ्या अंजिरात शिरतात, तेव्हा कुठे फळ झाडावर टिकतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी करायचं ते सगळं तिने वेळेवर केलं होतं. बागेत बोट ठेवायला जागा नव्हती.

बागेच्या कुंपणापलीकडे मात्र गवत उभं होतं, कमरेच्या वर, वाळून पिवळं पडलेलं. वारा आला की ते सगळं एकदम घराच्या दिशेने झुकायचं. खालच्या कोरड्या ओढ्यापासून वर दोन घरांच्या भिंतींपर्यंत हा एकच पट्टा. त्याची रुंदी एवढी की गाढव आडवं उभं केलं तर तोंड एका बागेत आणि शेपूट दुसऱ्या बागेत. ओढ्यात कुठे ठिणगी पडली तर वातीसारखी आग वर चढेल आणि दोन्ही घरं खाईल, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ते फेरूजाला दिसत होतं. पलीकडच्या बागेत पाणी घालणाऱ्या मल्हालाही दिसत होतं. पण त्या गवताला हात लावायची कुणाचीच छाती नव्हती.

मल्हा ही फेरूजाची जाऊ. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या घरात आल्या, एकाच परातीत पीठ मळलं, एकीचं मूल दुसरीने पाजलं. नवरे सख्खे भाऊ, बेलाईद थोरला आणि मोक्रान धाकटा. त्यांच्या बापाने वाटण्या केल्या त्या तोंडी: मधल्या एका जुन्या अंजिराच्या अलीकडे बेलाईदचं, पलीकडे मोक्रानचं. मग एका हिवाळ्यात बर्फाने ते हद्दीचं झाड मोडलं. दोघा भावांनी मिळून ते फोडलं आणि दोन चुलींत घातलं, आणि अशी हद्दच जळून गेली. वसंतात बेलाईद म्हणाला, झाड इथे होतं. मोक्रान म्हणाला, नव्हे, तिथे होतं. या 'इथे' आणि 'तिथे'च्या मध्ये जे उरलं तो हा पट्टा. गाढवं परवडली, त्यांना निदान हाकलता येतं.

गावात जमिनीचे कागद कुणाकडे नाहीत. चारचौघांच्या डोळ्यांदेखत ज्याने राबावं त्याची जमीन. म्हणून अकरा वर्षांपूर्वी बेलाईदने पट्ट्यात विळा घातला तेव्हा मोक्रान कुऱ्हाड घेऊन आला. गावची बैठक, म्हणजे ताजमात, मध्ये पडली आणि तिने फर्मान काढलं की निकाल लागेपर्यंत या पट्ट्यात कुणी विळा घालायचा नाही आणि कुदळही मारायची नाही. निकाल कधी लागला नाही. निकाल दिला असता तर एक घर कायमचं दुखावलं असतं. न दिल्याने दोन्ही दुखावली, पण सारखी. मोक्रानची शेळी एकदा चुकून आत शिरली तर बेलाईदने तिचं तोंड बांधून परत पाठवली होती. शेळीच्या दातांनीही मालकी लागू नये, इतकी काळजी.

चार हिवाळ्यांपूर्वी बेलाईद गेला. शेवटी फेरूजाचा हात धरून म्हणाला, "पट्टा सोडू नकोस." तिच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही, पोराबद्दल नाही. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी बायकोपेक्षा गवताला जास्त जागा मिळाली, याचा राग फेरूजाला अजून येई. पण शब्द दिला होता. गेल्या साली मोक्रानने बांधावरून नुसता विळा आत नेला तर ती अशी किंचाळली होती की मशिदीतला मौलवी बाहेर आला.

डबा रिकामा करून तिने मान वर केली आणि समोरच्या डोंगराच्या धारेवर तिला धूर दिसला.

आदल्या संध्याकाळी तो पलीकडच्या उतारावर होता. गावातली तरणी पोरं फावडी आणि फांद्या घेऊन तेव्हाच तिकडे गेली होती. आता धूर धारेच्या अलीकडे आला होता आणि वाऱ्याने आडवा पडला होता. मल्हानेही तो पाहिला. मग तिने गवताकडे पाहिलं आणि मग फेरूजाकडे. क्षणभर दोघींची नजर भिडली. मल्हाने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि ती घरात गेली.

फेरूजाने डोक्याचा रुमाल सोडून घट्ट बांधला आणि ती निघाली ती थेट ताजमातीच्या दगडी ओट्याकडे. बायका तिथून जात नाहीत, लांबच्या वाटेने जातात. आजवर तीही तशीच जात आली होती.

ओट्यावर म्हातारे तेवढे होते. मधे दा हेम्मू बसला होता. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला दा म्हणतात, आणि याच्याहून वडील आता गावात कुणी उरलं नव्हतं. शेजारी काठीवर हनुवटी टेकून मोक्रान.

"आली बघा," मोक्रान म्हणाला. "बेलाईद गेला, पण त्याची जीभ मागे ठेवून गेला."

फेरूजाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "दा हेम्मू, ते गवत कापायला सांगा."

"कुणाला सांगू, बाई?"

"कुणालाही. मला सांगा, याला सांगा, सैतानाला सांगा. पण आज."

"सैतानाने कापलं तर ते सैतानाचं होईल," मोक्रान म्हणाला. "आणि हिने कापलं तर हिचं. मग मी काय करायचं? माझ्या खिडकीत बसून हिच्या मिरच्यांना पाणी मिळालं का ते बघायचं?"

"घर जळालं की खिडकी कुठून आणशील?"

एक-दोन म्हातारे खोकले. ते हसणं होतं.

"बरं," मोक्रान उठून उभा राहिला. "मी कापतो. आत्ता जातो. हिने फक्त गप्प बसावं."

"हात तर लावून बघ..." फेरूजाच्या तोंडून निघून गेलं. आणि ते शब्द स्वतःच्याच कानांवर पडले तेव्हा तिला लाज वाटली. समोर धूर दिसत होता, गवत पेटायला बसलं होतं, आणि तिची जीभ मात्र अजून बेलाईदची चाकरी करत होती.

"बघितलंत?" मोक्रान खाली बसला.

दा हेम्मूने कपाळ चोळलं. "पोरं इथे असती तरी काय उपयोग? गावाने मिळून कापायचं म्हटलं तर जेवण घालणार कोण? दोन वर्षांमागे आठवतंय ना. दोन्ही घरांनी भांडी भरभरून कुसकुस केला. पोरांनी दोन्ही भांड्यांकडे पाहिलं आणि ढुंगणाला पाय लावून पळाली."

ते खरं होतं. गावात म्हणच आहे: ज्याची रोटी तोंडात, त्याचा विळा हातात. राबणारा ज्याचं खाऊन राबतो त्याच्या नावाने ते राबणं जमा होतं. कुसकुसचा एक घास कुणी गिळला असता तर पट्ट्याचा निकाल त्या घासाने लागला असता.

"तुम्हा दोघांतल्या एकाने दुसऱ्याची रोटी खाल्ली की संपलं," दा हेम्मू म्हणाला. "पण ती कुणाच्या घशाखाली उतरणार आहे? तुझ्या? याच्या? जा बाई, घरी जा. मौल्यवान काही असेल ते गाठोड्यात बांध. वारा फिरेल, देवाची इच्छा असली तर."

फेरूजा घरी आली. गाठोडं बांधायला चादर अंथरली आणि तिच्यासमोर बसून राहिली. काय बांधायचं? लग्नातले चांदीचे दागिने मुठीत मावतील एवढे. अंजिराचं झाड थोडंच बांधता येतं? वीस वर्षं टोपल्यांनी शेण आणि माती वर वाहून केलेले वाफे कसे बांधायचे? ती उठून पुन्हा बागेत गेली. मिरचीच्या पानावर काहीतरी करडं पडलेलं होतं. तिने बोटाने चोळलं. राख होती ती, आणि अजून कोमट होती.

तिने खुंटीवरचा विळा काढला आणि घराला वळसा घालून मल्हाच्या दारात जाऊन उभी राहिली.

मल्हा तव्यापाशी होती. रव्याची जाड रोटी फुगत होती. दारातली सावली बघून तिने वर पाहिलं आणि तिचा हात तव्यावरच थबकला.

"मल्हा, रोटी आहे का?"

"भूक लागली तुला?" मल्हाच्या तोंडून आपसूक निघालं. अकरा वर्षांतला तो पहिला शब्द.

"नाही. भूक असती तर घरी खाल्ली असती."

मल्हाची नजर विळ्यावर गेली आणि तिचा चेहरा उतरला. "अगं नको. नको गं फेरूजा. तो नुसता देऊन थांबायचा नाही. चारचौघांत खायला लावील तुला. तुला माहितीय तो कसा आहे."

"मला नको सांगूस. त्याच्या भावाबरोबर संसार केलाय मी."

"आणि बेलाईदला काय सांगशील?"

"वर गेल्यावर विचारील तेव्हा बघेन. तिथे निदान गवत नसेल."

"तवा जळतोय," मागून आवाज आला. मोक्रान ओट्यावरून परत आला होता आणि अंगणात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा मोठा विचित्र झाला होता, जन्मभर ढकललेलं दार एकाएकी आतून कुणी उघडावं आणि माणूस तोंडावर पडावा तसा. पण तो लगेच सावरला. "इथे नाही. आत नाही. बाहेर, बांधावर. मी दा हेम्मूला आणतो. तो येईपर्यंत एक तुकडा तोंडात घालायचा नाही."

"अहो, वारा बघा जरा," मल्हा म्हणाली. "तोवर कापू तरी द्या."

"आधी रोटी, मग विळा. उलटं झालं तर उद्या म्हणेल, मी आपलंच म्हणून कापलं."

तो गेला. दोघी बांधावर उभ्या राहिल्या. धारेवरचा धूर आता राखाडी राहिला नव्हता, खालून तांबूस दिसत होता. पलीकडच्या उतारावर काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज आला. फेरूजा विळ्याची धार बघत राहिली. मल्हाने रोटी ताटलीत ठेवली, आत गेली, तेलाची बाटली आणली.

मोक्रान दा हेम्मूला जवळजवळ ओढतच घेऊन आला. बाटली बघताच म्हणाला, "तेल कशाला? पाहुणी आहे का? मजूर आहे."

मल्हाने त्याच्या डोळ्यांत बघत रोटीवर तेल ओतलं, ताटलीच्या काठापर्यंत.

फेरूजाने तुकडा मोडला. घास तोंडात फिरत राहिला, फिरत राहिला, खाली उतरेना. बेलाईद डोळ्यांसमोर आला. त्याचे अंथरुणावरचे डोळे, तिच्या मनगटावर रुतलेली बोटं. तिला त्याची लाज वाटली, स्वतःची वाटली, आणि समोर उभ्या असलेल्या या माणसाचा इतका संताप आला की तो घास त्याच्या तोंडावर थुंकावासा वाटला. तिने डोळे मिटले आणि गिळला.

"मोठ्याने," मोक्रान म्हणाला.

"मोक्रानची रोटी खाऊन मोक्रानच्या जमिनीत विळा घालतेय. दा हेम्मू, ऐकलंत?"

"ऐकलं," म्हातारा खाली बघत म्हणाला. "घाल बाई. लवकर घाल."

ती गवतात शिरली आणि वाकली. वरून, घरांच्या भिंतींपासून सुरुवात केली. वाळलेलं गवत मुठीत कुरकुरत होतं, काटेरी वेली मनगटं ओरबाडत होत्या. जरा वेळाने तिच्या डाव्या हाताला दुसऱ्या विळ्याचा आवाज येऊ लागला. मल्हा शेजारी वाकली होती. दोघी एका तालात कापत होत्या. परातीत पीठ मळतानाही त्यांचे हात असेच जुळायचे.

मोक्रान थोडा वेळ नुसता उभा राहिला. मालक झाल्यावर काय करतात हे त्याला अजून सुचलं नव्हतं. मग त्याने कोट काढून दगडावर ठेवला, घरातून दाताळं आणलं आणि कापलेलं गवत ओढून लांब वाटेवर नेऊन टाकू लागला. मग फेरूजाच्या निळ्या पिंपांतलं पाणी कुंपणावरून उपसून धसकटांवर शिंपलं. बागेसाठी भरलेलं ते तीन दिवसांचं पाणी होतं. तिने ते बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

निम्मा पट्टा झाला असेल नसेल, तोच वारा एकदम खालून आला. ओढ्यातून घरघर ऐकू आली. ज्याने ती एकदा ऐकली त्याला सांगावं लागत नाही. ओढ्यातली काटेरी झुडपं पेटली होती. आणि मग ठिणग्या आल्या, हवेत उलट्या-सुलट्या, पेटलेली पानं, सालींचे तुकडे. काही कापलेल्या जागेवर पडले आणि ओल्या धसकटांत विझले. काही बागेत पडले. एक तुकडा खाली, उभ्या गवतात पडला.

"मोक्रान!" फेरूजा ओरडली.

गवत असं पेटलं की आधी ज्वाळ दिसलीच नाही, नुसती हवा हलताना दिसली. मोक्रानने बार्लीचं पोतं उरल्यासुरल्या पाण्यात बुडवलं आणि खाली उडी मारली. साठी उलटलेला माणूस, काठी कुठे राहिली त्याचं भान नाही. तो पोत्याने झोडपू लागला. फेरूजाने दुसरं पोतं उचललं, मल्हाने डोक्याचा रुमाल काढून भिजवला. धुराने काही दिसत नव्हतं. फेरूजा जमिनीला मारत होती, मोक्रानला मारत होती की आगीला, तिचं तिला कळत नव्हतं. एकदा पोत्याचा फटका खरंच त्याच्या पाठीवर बसला. तो झोडपतच राहिला.

सतरंजीएवढा काळा तुकडा उरला आणि आग विझली. ओढ्यातली आग ओढ्याच्या अंगाने खाली धावत गेली. तिकडून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला आणि पाण्याच्या टँकरचा भोंगा.

"अजून खालचं उभं आहे," फेरूजा धापा टाकत म्हणाली. "ते राहिलं तर पुन्हा येईल."

मोक्रान तिच्या कुंपणाला टेकून मटकन बसला होता. एक भुवई जळून गेली होती. तो खोकत होता, आणि खोकला थांबत नव्हता. मल्हाने पिंपं हलवून पाहिली, सगळी कोरडी. नळ तर सकाळीच गेला होता. मोक्रानचा हात कुंपणातून आत गेला, पानांखाली चाचपडला आणि फेरूजाच्या वेलाची एक काकडी घेऊन बाहेर आला. ती त्याने सालासकट करकरून खाल्ली. मग आणखी एक. मग जमिनीवर पडलेला विळा उचलला, तो फेरूजाचा होता, आणि उरलेल्या गवतात शिरला. अंधार पडेपर्यंत त्याने ओढ्याच्या काठापर्यंत सगळं कापून काढलं. फेरूजाला तेव्हा एवढंच दिसलं की तहानलेल्या माणसाने काकडी खाल्ली.

आग विझल्यावर पोरं परत आली, गाव झोपून उठलं, आणि मग ताजमात बसली. बायका ओट्यापुढच्या कमानीबाहेर भिंतीला लागून उभ्या होत्या, फेरूजा त्यांत. तिला ऐकायची इच्छा नव्हती, पण न गेली असती तर तोंड लपवते म्हणाले असते. येताना वाटेत दोघीजणी कुजबुजल्या होत्या की बेलाईदची हाडं अजून सुकली नाहीत आणि हिने एका रोटीवर जमीन विकली. आग तर पोरांनीच अडवली, असंही कुणी म्हणालं. फेरूजाला त्या दोघींच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

मोक्रानने उभं राहून सांगितलं, फेरूजाने माझी रोटी खाल्ली, दा हेम्मूसमोर बोलून दाखवलं, आणि मग विळा घातला. आवाजात जोर नव्हता, पण शब्द चुकले नाहीत.

दा हेम्मू म्हणाला, "मी साक्षीला होतो. खरं आहे. तेव्हा पट्टा मोक्रानचा. कुणाला काही बोलायचंय?"

"मला," कमानीतून आवाज आला. मल्हा पुढे झाली होती.

"तू मोक्रानची बायको," दा हेम्मू म्हणाला. "तुला आणखी काय हवं?"

"यांनीही खाल्लं. धुरात घसा सुकला तेव्हा हिच्या वेलाच्या काकड्या खाल्ल्या. आणि मग हिचाच विळा घेऊन खालचं गवत कापलं. मी पाहिलं."

ओट्याच्या मागच्या पोरांतून हसू फुटलं. "काकडी म्हणजे काय रोटी?" कुणीतरी ओरडलं.

"पोटात गेलं ते अन्न," दा हेम्मू म्हणाला. त्याला हसू आलं नव्हतं. असं असेल तर वरचा अर्धा हिने याच्या नावाने कापला आणि खालचा याने हिच्या नावाने. म्हणजे निकाल नाही. म्हणजे पुन्हा फर्मान, पुन्हा बंदी. म्हातारा एकदम थकलेला दिसला. "फेरूजा, पुढे ये. वेल तुझा. खाल्ली का याने तुझी काकडी?"

फेरूजा पुढे आली. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं की बेलाईदला दिलेला शब्द वाचत होता, झिंज्यावाल्यांची तोंडं बंद होत होती, त्या रोटीची चव जिभेवरून जात होती. आणि पुढच्या वसंतात गवत पुन्हा गुडघ्याला, मग कमरेला, आणि पुन्हा कुणी हात लावायचा नाही. तिने मल्हाकडे पाहिलं. या बाईने आज सगळ्या गावासमोर नवऱ्याविरुद्ध तोंड उघडलं होतं, तिच्यासाठी. मग मोक्रानकडे पाहिलं. तो विनवत नव्हता. जळक्या भुवईने तो बावळट दिसत होता, आणि बेलाईदसारखा दिसत होता.

"काकडी कडू निघाली," ती म्हणाली. "त्याने थुंकून टाकली."

मल्हाने दचकून तिच्याकडे पाहिलं.

"शहीलीत होतेच कडू," एक म्हातारा मान डोलावत म्हणाला. "पाण्याला ताण बसला की वेल सूड घेतो."

"मग मिटलं," दा हेम्मूने सुटकेचा श्वास सोडला. "गिळलं नाही ते खाल्लं नाही. पट्टा..."

"कडू नव्हती," मोक्रान म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो काठीवर हात ठेवून उभा होता आणि फेरूजाकडे बघत नव्हता.

"दोन खाल्ल्या मी. सालासकट. दोन्ही गोड होत्या."

"अरे, मग जमीन कुणाची?" दा हेम्मू वैतागून म्हणाला.

"ते तुम्ही ठरवा, सावकाश," मोक्रान म्हणाला. "गवत आम्ही कापू."